रोपं मोजू नका, पाणी मोजा

ओढ्याकाठच्या शेजाऱ्यांनो,

जूनचे पहिले पाऊस पडले की वृक्षारोपणाचे फ्लेक्स लागतात. टेम्पोतून रोपं येतात, फोटो निघतात, ‘हजारो झाडं लावली’ म्हणून बातमी छापून येते. दिवाळीला त्यातली किती उभी आहेत, हे बघायला कुणी फिरकत नाही. आता हरित पट्टा, ओढा सुशोभीकरण, निसर्गाधारित उपाय अशा नावांनी कामं निघू लागली आहेत. त्यांना विरोध करा असं माझं म्हणणं नाही. पण काम आपल्याला नीट करून हवं असेल, तर थोडी तयारी आपणच केली पाहिजे.

पुण्यातला आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या डोंगरातून निघून तळ्यांमधून उतरत, सहकारनगर, दांडेकर पूल करत तो मुठेला मिळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. त्या रात्रीच्या पावसानं शहर आणि परिसरात वीसहून अधिक जीव घेतले. पाऊस जबर होताच, पण पात्रही आवळलेलं होतं. सीमाभिंत पाणी अडवते तोवर अडवते; पडली की तुंबलेलं सगळं एकदम खालच्या वस्तीवर येतं.

अशा पुराला काठावरची झाडं पुरी पडत नाहीत, हे आधीच समजून घेऊ. झाडं आणि गवत माती धरतात, रोजच्या पावसाचा वेग कमी करतात, उन्हाळ्यात सावली देतात. मोठ्या पुराला मात्र पसरायला जागाच लागते, आणि वरच्या टेकडीनं पाणी मुरवावं लागतं. पुण्यात समाविष्ट गावांमधल्या ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे. ते वाचवणं हे दांडेकर पुलाच्या वस्तीचंही काम आहे. वर टेकडी फोडायची आणि खाली बाग करायची, तर ती बाग पहिल्याच पुरात जाणार.

म्हणून आराखडा येण्याआधी घरोघरी एक प्रश्न विचारा: पाणी आधी कुठून शिरतं? ओढ्यातून, रस्त्यावरून की ड्रेनेजच्या चेंबरमधून? पुष्कळ वस्त्यांत ओढा काठाला लागण्याआधी चेंबरच उलटं वाहू लागतं. तिथे काठावर कितीही झाडं लावली तरी उंबरठ्याच्या आत पाणी येणारच. आधी ड्रेनेजची लाइन दुरुस्त व्हायला हवी. उत्तरं वस्तीच्या साध्या नकाशावर मांडा आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन द्या.

झाडं निवडताना काठाला करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज आणि उतारावर वाळा मागा. ऐन पात्रात मात्र झाड नको, त्याला कचरा अडकून पाणी तुंबतं. अंदाजपत्रकात निदान तीन वर्षांच्या पाण्याची आणि निगराणीची तरतूद आहे का, ते बघा. दिवे कुठे, हातगाड्या कुठे लावायच्या, अंधार पडल्यावर बायकांना तिथून जाता येईल का, हेही आताच ठरवून घ्या.

आणि नकाशात आपलं घर कुठे आहे ते आधी बघा. २०२१ च्या जूनमध्ये, पावसाळा सुरू झालेला असताना, आंबिल ओढ्याकाठची घरं पाडली गेली आणि लोक रस्त्यावर आले. ज्यांच्या नावानं हरित पट्टा करायचा तेच तिथून उठणार असतील, तर तो उपाय कुणासाठी? घर हलवणं खरंच टळत नसेल, तर कुठे, कधी आणि कोणत्या कागदावर, हे काम सुरू होण्याआधी लेखी मागा.

आता मोजमापाचं. मोजणी काम होण्याआधीच्या पावसाळ्यातच सुरू करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पाणी भिंतीवर जिथवर चढलं तिथे ऑइल पेंटनं रेघ मारून तारीख घाला. सरळ काठाच्या बरणीला पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. पाऊस किती मिलिमीटर झाला, गल्लीत पाणी किती चढलं, उतरायला किती तास लागले, एवढं बचत गटाच्या वहीत लिहा. पुढे तुलना सारख्या पावसाचीच करा; कोरड्या वर्षी पाणी भरलं नाही, याचं श्रेय झाडांना देऊ नका. जिथे काहीच काम झालेलं नाही अशा शेजारच्या एका गल्लीचीही नोंद ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता पत्र्याच्या घरातलं आणि झाडाखालचं तापमान टिपा. डास वाढले, भाडी वाढली, कुणी वस्ती सोडून गेलं, तेही लिहा. आकडे मनासारखे आले नाहीत तरी खोडू नका. पुढचं काम त्यावरूनच सुधारतं.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवायची सोय २००६-०७ पासून आहे. दुसऱ्या शहरात असाल, तर प्रभागाच्या बैठकीत मागणी मांडा. सोबत नकाशा आणि वही न्या, आणि एक अट घाला: ठेकेदाराचं शेवटचं बिल रोपांच्या संख्येवर निघू नये. तिसऱ्या वर्षी जगलेली झाडं आणि गल्लीत चढलेलं पाणी, दोन्ही वस्तीसमोर मोजून मगच ते निघावं.