शक्ती विकत, कौशल्य उसने

पहिली बी.एम.डब्ल्यू. एम-५ मोटार १९८५ साली विक्रीस आली तेव्हा तिची ताकद २८६ अश्वशक्ती होती. २०२४ च्या एम-५ ची ७२७ आहे. भारतातील तिची शोरूम-किंमत २०२१ मध्ये १ कोटी ६२ लाख रुपये होती, ती २०२४ मध्ये १ कोटी ९९ लाखांवर गेली. चालकाचे कौशल्य मात्र या प्रमाणात वाढलेले नाही. साडेतीन सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठणाऱ्या या गाडीचा तोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सावरते. धनिक शक्ती विकत घेतो आणि कौशल्य यंत्राकडून उसने आणतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे. मग ही शक्ती कशासाठी? उत्तर थॉर्स्टीन वेब्लेन यांनी १८९९ मध्येच दिले आहे : मिरवण्यासाठी!

‘ज्याचा पैसा, त्याची गाडी’ हा युक्तिवाद फसवा आहे. गाडी खाजगी असली तरी रस्ता सार्वजनिक आहे. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. हे सारे महागड्या मोटारींचे पाप नव्हे. परंतु छोटी मोटार चालवण्याचा परवानाच ७२७ अश्वशक्तीलाही पुरतो, हा शासनाचा दोष आहे. इटलीत नवशिक्या चालकांवर गाडीच्या शक्तीची मर्यादा आहे. आपल्याकडेही शक्तीनुसार परवान्याच्या श्रेणी आणि कठोर परीक्षा हव्यात. ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. धनादेश हा चालकाच्या पात्रतेचा दाखला नव्हे.