सैंधवाला जनुकं नसतात

सैंधव मिठाच्या पुडीवर ‘नॉन-जीएमओ’ असा हिरवा शिक्का असतो. मीठ हे खनिज. त्यात पेशीच नाही, तर जनुकं कुठून येणार आणि त्यांत फेरफार तरी कोण करणार? शेजारच्या फळीवर नाचणीसत्त्व, त्यावरही तोच शिक्का. नाचणीचं जीएम, म्हणजे जनुकांत फेरफार केलेलं, वाण जगाच्या बाजारात कुठंच नाही. म्हणजे शिक्का खोटा नाही, हीच त्यातली खुबी. घरात तान्हं मूल असलेले आईबाप तो बघून पुडी उचलतात आणि वरचे पैसे मुकाट मोजतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. मुलाच्या तोंडात काय जातंय हे दोनदा वाचून घेणारे पालक असावेतच. फक्त जिथं वाचायला हवं तिथं काही छापलेलं नसतं, आणि जिथं छापलेलं असतं तिथं घाबरण्यासारखं काही नसतं, अशी सगळी उलटी तऱ्हा आहे.

मग जीएम आपल्या पोटात जातं कुठून? मुख्यतः सरकीतून. बीटी कापसाला आपल्याकडे मार्च 2002 मध्ये परवानगी मिळाली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून ते बियाणं आलं आणि आज देशातल्या कापसाच्या 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटीच आहे. कापसाचा धागा अंगावर येतो, सरकी मात्र घाण्यात जाते. तिचं तेल फरसाणात आणि वनस्पती तुपात, पेंड गाई-म्हशींच्या गव्हाणीत. शिवाय अर्जेंटिना-ब्राझीलहून येणारं सोयाबीनचं तेल बहुतांशी जीएम सोयाबीनचंच असतं. बाळाला सेंद्रिय खिमटी भरवणाऱ्या घरात थोरल्याच्या डब्याला चिवडा असेल, तर हे तेल त्या घरात केव्हाच पोचलंय.

त्याने काय होतं? बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीतला एक जीवाणू. त्याचं एक जनुक कापसात घातलं की कापूस ते प्रथिन स्वतः तयार करतो. बोंडअळीने पान कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात विरघळतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि तिथं भोकं पाडतं. अळी खाणं सोडते आणि मरते. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि आतड्यात चिकटायला त्या जागाच नसतात, त्यामुळे ते डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जातं. रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. आणि याच जीवाणूची भुकटी सेंद्रिय शेतीत फवारायला मान्यता आहे. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या कोबीवरही ती फवारलेली असू शकते.

वांग्यातही तीच उलटी तऱ्हा. बीटी वांग्याला ऑक्टोबर 2009 मध्ये केंद्राच्या समितीने हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्याला स्थगिती दिली. ती अजून उठलेली नाही. बांगलादेशात शेतकरी 2014 पासून ते वांगं लावतात. आपण वांग्यातलं जनुक अडवलं, पण फवारणी अडवली नाही. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आवरायला आपल्याकडे एका हंगामात किती वेळा पंप पाठीवर चढतो, ते वांगं लावणाऱ्याला विचारा. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त खातं, म्हणून कीटकनाशकाचा अंश त्याच्या वाट्याला वजनाच्या हिशेबात जास्तच येतो. भाजी धुऊन घ्या, मिठाच्या पाण्यात ठेवा, हे सांगणाऱ्या आज्या त्या शिक्क्यापेक्षा कामाच्या.

बीटीची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. गुलाबी बोंडअळीने त्या प्रथिनाला दाद देणं सोडलं, बियाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या मानेवर बसला, आणि फवारणी कमी करायला आणलेल्या कापसावर फवारणी करताना 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं विषबाधेने गेली. बियाण्याची मालकी कोणाची, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर भांडलंच पाहिजे. पण तो प्रश्न शेताचा आणि बाजाराचा आहे. मुलाच्या पोटदुखीचा बागुलबुवा करून तो मांडला, की कंपन्यांना उत्तर देणं सोपं जातं.

लेबलाचं मात्र सोडू नये. पाकीटबंद पदार्थात जीएम असेल तर वरच्या भागावर तसं छापावं, असा नियम 1 जानेवारी 2013 पासून लागू आहे. तुम्ही तसं पाकीट पाहिलंय? सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने 2018 मध्ये बाजारातले 65 पदार्थ तपासले, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश पदार्थांत जीएमचा अंश सापडला. त्यांत परदेशातून आलेलं बाळांचं खाणंही होतं आणि त्या डब्यावर चकार शब्द नव्हता. त्यातून अपाय झाला असं कोणी दाखवलेलं नाही, हेही तितकंच खरं. पण काय विकत घेतोय हे कळण्यासाठी आधी अपाय व्हायला हवा, असं थोडंच आहे? मिठावर शिक्का मारायला जागा सापडते, बाळाच्या डब्यावर सापडत नाही.

आता ‘नैसर्गिक’कडे वळू. आपल्याकडे त्याचं सगळ्यात जिव्हाळ्याचं रूप म्हणजे बाळगुटी. न्हाऊमाखू घातलेलं बाळ मांडीवर, शेजारी सहाण, आणि त्यावर मुरुडशेंग, हिरडा, सुंठ, जायफळ, वेखंड यांचे मोजून दिलेले वळसे. जायफळाचा एक, सुंठेचा अर्धा. ज्या बाईच्या बोटांत हे गणित होतं, तिला मात्रा म्हणजे काय ते ठाऊक होतं. आज त्याच गुटीची तयार पूड पुडीत मिळते. चमचाभर घाला, मध घालून चाटवा, असं मोबाईलवर कोणीतरी सांगतं, आणि वळशांचा हिशेब संपतो. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगून थकले. मधात बोट्युलिझमच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या कोवळ्या आतड्यात ते रुजतात. मध शुद्ध असला, जंगलातला असला, तरी त्यांना त्याचं सोयरसुतक नसतं. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग सहाणेवरचं पाणी कुठून आलं, हा प्रश्नच उरत नाही.

ज्या घरात जीएमच्या नावाने कपाळाला आठ्या पडतात, त्याच घरातल्या बाळाला जन्मानंतर 24 तासांत हिपॅटायटिस-बीची लस टोचलेली असते. विषाणूचं जनुक घातलेल्या यीस्टमध्ये ती तयार होते. मधुमेह झालेल्या मुलाचं इन्सुलिनही असंच जीएम जीवाणूत किंवा यीस्टमध्ये बनतं. त्यावर हिरवा शिक्का नसतो, लालही नसतो, आणि कोणाचं काही अडत नाही.

अडतं ते दुसरीकडेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ 69 टक्क्यांना रक्तक्षय होता. रक्तक्षयाला लोह लागतं, वाढीला प्रथिनं लागतात. ती जीएम की बिगरजीएम, हा प्रश्न त्या घरांत कोणी विचारत नाही, कारण तिथं प्रश्न आज डाळ आहे का, इतकाच असतो. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं, असं राज्य सरकारने 2023 च्या अखेरीस ठरवलं. जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला आणि ज्या शाळांना अंडी द्यायची असतील त्यांनी लोकवर्गणी काढावी, असं कळवलं. ‘नॉन-जीएमओ’ सैंधवावर खळखळ न करता वरचे पैसे मोजणाऱ्यांपैकी कोणी त्या अंड्यासाठी शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात जाऊन बसल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.