उत्सव वस्तीवर जावा

आषाढ लागला की माढा तालुक्यातील रस्त्यांचे रूप पालटते. पंढरीच्या दिशेने निघालेल्या दिंड्या गावोगावी विसावू लागतात, शाळांच्या पडव्या वारकऱ्यांसाठी मोकळ्या होतात आणि घराघरांतून भाकरीची चवड निघते. आषाढी एकादशी झाली की गुरुपौर्णिमा. मग अरणला संत सावता महाराजांचा पुण्यतिथी सोहळा. त्यामागून राखीपौर्णिमा, स्वातंत्र्यदिन, गणेशोत्सव, माढेश्वरीचे नवरात्र, विजयादशमी आणि कोजागरी. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांची स्नेहसंमेलने. पुढील सहा-सात महिन्यांचे हे पंचांग प्रत्येक शाळेच्या, मंडळाच्या आणि शाखेच्या वहीत आता उतरू लागले असेल. वर्गणी, मंडप, पाहुणे, बक्षिसे यांची चर्चा सुरू झाली असेल. या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा निघत नाही. गेल्या वर्षी आपल्या कार्यक्रमाला कोण आले नव्हते?

किती लोक आले, हे आपण आवर्जून मोजतो. खुर्च्या कमी पडल्या तर त्याचे कौतुक होते, छायाचित्रे छापून येतात, अहवालात आकडा लिहिला जातो. न आलेल्यांची नोंद कोणत्याही अहवालात नसते. वास्तविक समाजसंघटनेच्या दृष्टीने तीच नोंद अधिक मोलाची आहे. जे येतात ते आपलेच असतात. जे येत नाहीत ते आपले आहेत, हे त्यांना कधी कळणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी माढा तालुक्याला दूर जाण्याचे कारण नाही. मोडनिंबजवळचे अरण हे सावता महाराजांचे गाव. ज्ञानदेव-नामदेवांचे हे समकालीन संत. शके १२१७ म्हणजे इ. स. १२९५ च्या आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी अरणलाच देह ठेवला. पंढरी इतकी जवळ असूनही सावता महाराज आपला मळा सोडून वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मळ्यातील काम हीच त्यांची पूजा होती. म्हणून पांडुरंगच त्यांच्या भेटीला मळ्यात आला. ही केवळ कथा राहिलेली नाही. महाराष्ट्रभरातील संतांच्या पालख्या आषाढीला पंढरपुरी येतात, तर आषाढीनंतर प्रत्यक्ष पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. तेथे श्रीफळहंडी फुटते आणि देव-भक्तांच्या भेटीचा सोहळा हजारो लोक डोळ्यांत साठवतात.

या परंपरेचा अर्थ आपण पुरेसा ध्यानी घेतला आहे काय? कष्टात गुंतलेल्या भक्ताला देवाने गैरहजर ठरवले नाही. तू का आला नाहीस, असा जाब विचारला नाही. ज्याला येणे शक्य नाही त्याच्याकडे आपण जावे, हा संकेत साक्षात पंढरीनाथाने घालून दिला. उत्सवांचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शाळेतील पालकसभेचे उदाहरण घ्या. सभा सकाळी अकरा वाजता ठरते. त्या वेळी शेतमजूर आई कोणाच्या तरी रानात खुरपत असते आणि वडील ट्रॅक्टरवर किंवा बांधकामावर असतात. सभेला यायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. दोघांनी सोडायची तर चुलीचाच प्रश्न. मग सभेला येतात ते नोकरदार आणि व्यापारी पालक. कष्टकरी पालकांबद्दल मात्र, त्यांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही, असा शेरा मारून आपण मोकळे होतो. हीच सभा दिवेलागणीनंतर, वस्तीवरच्या मंदिराच्या ओट्यावर घेतली तर? अंगणात बसलेल्या माउलीसमोर तिच्या मुलीने धडा वाचून दाखवला तर? ज्यांनी हा प्रयोग केला असेल, त्यांना आस्थेचा शेरा पुन्हा मारावासा वाटणार नाही.

कायद्यानेही पालकांना पाहुण्याचे स्थान दिलेले नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. दुर्बल आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व देण्याचीही त्यात तरतूद आहे. तरीही अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरते. स्नेहसंमेलन कसे व्हावे, खर्च किती करावा, हे समितीतील मातांनी ठरवले तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. नृत्यासाठी भाड्याने आणलेला पोशाख हा अनेक घरांत मूक अपमानाचा विषय असतो. पैसे नाहीत असे म्हणण्याऐवजी मूल 'मला नाचायचेच नाही' असे सांगते, आणि आपण ते खरे मानतो. घरातल्या धोतर-नऊवारीत बसणारे भारूड, पोवाडा, भजन, लेझीम, हलगीचा ठेका हे आपल्या मातीचे धन आहे. ते मुलांच्या अंगात उतरवायला खर्च लागत नाही, शिकवणारे आजोबा लागतात. असे आजोबा प्रत्येक गावात आहेत. त्यांना शाळेचे फाटक कोणी उघडून देत नाही, एवढेच.

स्वातंत्र्यदिनाचेही तसेच. ध्वजवंदन होते, खाऊ वाटला जातो आणि अर्ध्या तासात पटांगण रिकामे होते. सोलापूर जिल्ह्याला या दिवशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर शहर ब्रिटिशांविरुद्ध पेटून उठले. सरकारला तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. ही नावे आपल्या जिल्ह्यातील किती मुलांना ठाऊक आहेत? स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी चार वस्त्यांवर चार विद्यार्थ्यांनी या चार हुतात्म्यांची चरित्रे सांगावीत. दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीतील माणसे ध्वजाजवळ उभी दिसतील, कारण तो ध्वज कोणाच्या बलिदानाने फडकतो हे त्यांनी आपल्याच मुलांच्या तोंडून ऐकलेले असेल.

गणेशोत्सवाबद्दल तर नव्याने सांगावे असे काही नाही, पण विसरलेले आठवून द्यावे असे पुष्कळ आहे. लोकमान्यांनी १८९३ पासून या उत्सवाला सार्वजनिक रूप देण्याचा ध्यास घेतला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवोत्सव भरवला. विखुरलेला, जातीपातींत वाटला गेलेला समाज एका मंडपाखाली यावा, हा त्यामागचा हेतू होता. आज मंडप मोठे झाले, पण त्याखाली कुटुंबे दिसत नाहीत. डीजेच्या भिंतीसमोर लहान मूल, गर्भवती सून, हृदयरोगी आजोबा उभे राहू शकत नाहीत. उत्सव घराला घराबाहेर बोलावण्यासाठी सुरू झाला आणि त्याच्याच आवाजाने लोक दारे लावून आत बसू लागले, ही शोकांतिका आहे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध घालणारे नियम २००० साली आले. मात्र नियमाच्या धाकाने आवाज कमी करण्यात भूषण कसले? गणरायाच्या आरतीत आजीचा आवाज ऐकू यावा म्हणून तो कमी व्हावा.

या सगळ्याच्या मुळाशी समरसतेचा प्रश्न आहे. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यतेवर निःसंदिग्ध प्रहार केला होता आणि ती समूळ जायला हवी असे बजावले होते. त्याला पाच दशके लोटली. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने पंचपरिवर्तनाचे जे विषय समाजापुढे ठेवले गेले, त्यांतही सामाजिक समरसता आणि कुटुंबप्रबोधन यांना स्थान आहे. हे दोन्ही विषय व्याख्यानांनी पुढे सरकणार नाहीत. मिरवणूक कोणत्या गल्लीतून जाते आणि कोणत्या गल्लीला वळसा घालते, आरतीचे ताट कोणत्या घरातील दांपत्याच्या हाती येते, महाप्रसादाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, यांवरून समाज आपली परीक्षा करत असतो. राखीपौर्णिमेला वस्तीवर जाऊन राखी बांधण्याची प्रथा आपल्या कार्यकर्त्यांत आहे. ती उत्तमच आहे. पण राखी बांधलेल्या त्या घराला गणपतीच्या आरतीचे निमंत्रण गेले नाही, तर त्या धाग्याचा अर्थ काय राहिला?

छोट्या गावाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचा दाखला याच तालुक्यात आहे. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरून त्यांनी कविता, गोष्टी आणि पाठ मुलांच्या घरापर्यंत नेले. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या यशाची चर्चा बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने झाली. आम्हाला त्यात अरणचीच वाट दिसते. शाळा मुलाच्या घरी गेली.

आणखी एक घटक असा आहे, ज्याचे नाव आपल्या पटावर नसते. उजनीच्या पाण्याने हा भाग उसाचा झाला. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू होते आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या गावाबाहेर उभ्या राहतात. शाळांची स्नेहसंमेलने होतात ती नेमकी याच दिवसांत. रंगमंचावरचे दिवे कोप्यांतील मुलांना दिसतात, गाणी ऐकू येतात, पण बोलावणे येत नाही. चार महिने ती मुले आपल्या गावाची असतात. त्यांच्यासाठी पहिल्या ओळीत सतरंजी अंथरणे, त्यांच्यातील एखाद्याला गाणे म्हणायला लावणे, जमल्यास शाळेत बसवून घेणे, यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून येत्या उत्सवपर्वासाठी प्रत्येक शाखेने, मंडळाने आणि शाळेने एकच व्रत घ्यावे. कार्यक्रम ठरवण्याआधी गावातील सर्व वस्त्यांची यादी करावी आणि गेल्या वर्षी जेथून कोणीही आले नव्हते तेथे प्रथम जावे. वेळ त्या लोकांना विचारून ठरवावी. निमंत्रण मोबाईलवरून न धाडता दारात जाऊन द्यावे, सोबत आपल्या घरातील माताभगिनी आणि मुलांनाही न्यावे. प्रमुख पाहुण्यासाठी मुलांना उन्हात ताटकळत ठेवू नये. त्या मानाच्या खुर्चीवर गावातील एखादी कष्टकरी आजी बसली तर कार्यक्रमाची शोभा वाढेलच. मध्यमवर्गीय कुटुंबांनीही आपल्या मुलांना सांगावे की, शाळेतला जो मित्र संमेलनाला आला नाही त्याच्या घरी आपण जाऊन येऊ.

आषाढ वद्य चतुर्दशी दूर नाही. पांडुरंग आपल्या नेमाने पंढरीहून निघेल आणि माळ्याच्या मळ्याची वाट धरेल. त्याच्या पालखीला खांदा देण्याचे भाग्य थोड्यांना लाभते. त्याच्यामागून वस्तीच्या वाटेने चालणे मात्र सर्वांच्या हाती आहे.