पॉवर पेट्रोलनं ॲव्हरेज वाढतं का?

पंपावर जादा पैसे देऊन ‘पॉवर’ पेट्रोल टाकलं की कारचं ॲव्हरेज वाढतं, असा गावाकडं समज आहे. पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. इंजिनातल्या दाबानं पेट्रोल वेळेआधी पेटू नये, त्याचं ते माप.

साधं पेट्रोल आधी ९१ ऑक्टेनचं होतं. आता २० टक्के इथेनॉलचं ई-२० आलंय, ते ९५ चं. आपल्याच उसा-मक्याच्या इथेनॉलनं ऑक्टेन वाढलं. पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. महागड्या पेट्रोलनं ते भरून निघत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल तर साधंच टाका. गाडी एप्रिल २०२३ आधीची असेल तर वाचलेल्या पैशात रबरी पाइप, वॉशर तपासून घ्या.