बर्फावरची केरसुणी



गेल्या जानेवारीत माझ्या भाच्याने फोन उचलणंच सोडलं. पुण्याहून एम.एस.साठी होटनच्या मिशिगन टेकला आलेला. आपल्या डेट्रॉइटपासून गाडीने नऊ-दहा तास वर, लेक सुपिरियरच्या अंगाला. तिथे वर्षाला सरासरी २०० इंचांच्या वर बर्फ पडतो. ऐन डिसेंबरात सूर्य साडेआठला उगवतो, पाचला मावळतो. दिवसभर लॅबमध्ये बसलं की तो दिसतच नाही.

ताई विचारायची, "जेवतो ना रे वेळेवर?" मी म्हणायचो, "अभ्यासात असेल." शेवटी एकदा फोन लागला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि स्वारी अंथरुणात. "मामा, सगळं ठीक आहे, नुसती झोप येते." मीही ते ठीक धरलं. ते चुकलंच.

त्याला उठवलं रूममेटने. ब्रूमबॉलच्या टीमला सहावा गडी हवा होता. हा तिथला लाडका खेळ: आइस हॉकीसारखाच, पण स्केट्स नाहीत, साधे बूट. हातात पूर्वी खरी केरसुणी असायची, आता त्या आकाराची काठी. बर्फावर सगळेच धडपडतात, त्यामुळे नवख्याला लाज वाटत नाही. शाळेत विकेटकीपिंग केलेला आमचा गडी थेट गोलकीपर झाला. स्कीइंग त्याला आधीही सुचवलं होतं. विद्यापीठाची स्वतःची माँट रिप्ली टेकडी समोरच आहे. पण एकट्याने जायचं तर उद्यावर ढकलता येतं. पाच जण खाली थांबलेत म्हटल्यावर बूट चढवावेच लागतात.

नुसत्या खेळाने तो बरा झाला, असं मात्र मी म्हणणार नाही. विद्यापीठाच्या काउन्सेलरकडेही तो जात होता. हिवाळ्यात येणाऱ्या या नैराश्याला डॉक्टरांनी १९८४ सालीच नाव दिलंय; तो आळस नव्हे. मुलांनो, झोप-जेवण बिघडलं, काही नकोसं वाटू लागलं तर काउन्सेलिंग सेंटर गाठा. जीव द्यावासा वाटला तर ९८८ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. आणि आईबाबांनो, फोनवर मार्कांच्या आधी "आज बाहेर पडलास का?" एवढं विचारा.

यंदाही तो टीममध्ये आहे. ताईला अजून पचत नाही. लक्ष्मीपूजनाला पुजायची वस्तू ती! पाय लागला तर नमस्कार कर, असं तिने त्याला बजावलंय.