सुतार पूर्वजाचा शोध

कुळाचा शोध म्हणजे थोरामोठ्यांशीं नातें जुळविणें, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस ती मान्य नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडचा साधा सुतारही आज आपल्या वंशजांस कागदोपत्रीं सांपडतो. १८३७ पासूनच्या विवाहनोंदींत वधूवरांच्या पित्यांचीं नांवें व धंदे असतात. १८५१ च्या खानेसुमारींत वय व जन्मगांव मिळतें. आणि त्या गांवच्या उपासनामंदिरांतील बाप्तिस्म्याच्या वहींत १८१३ पासून बापाचा धंदाही लिहिलेला असतो. विवाहनोंदींत सहीच्या जागीं कित्येकदां केवळ फुली आढळते. तिची लाज कशाला? ज्या हातास लेखणी धरतां आली नाहीं, त्याच हातानें रंधा धरून लेंकरें पोसलीं. विद्यार्थीमित्रहो, आपल्या पणजोबांचा धंदा कोणता, हें आजच वडील माणसांस विचारून लिहून ठेवा.