विश्लेषण : सायकलवरून मनाली-लेह… किलोमीटर मोजायचे की मुक्काम?

जून उजाडला की पुण्या-मुंबईतील सायकल गटांमध्ये मनाली-लेहची चर्चा सुरू होते. रोहतांगमार्गे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर, पाच मोठ्या खिंडी आणि सर्वात उंच तांगलांग ला ५,३२८ मीटरवर. तयारीची चर्चा मात्र बहुतेकदा टायर, गिअर आणि सिंहगडाच्या फेऱ्यांभोवती फिरते. या वाटेवर मोहीम फसते ती पाय कमी पडल्याने नव्हे, तर रात्रीचे मुक्काम चुकीच्या उंचीवर ठरवल्याने आणि रजा कमी घेतल्याने.

सह्याद्रीतील सराव किती उपयोगी?

पायांसाठी आणि श्वासाच्या लयीसाठी भरपूर. सिंहगड, पसरणी, ताम्हिणी हे घाट सामान लादून वारंवार चढणाऱ्याला गाटा लूप्सची २१ वळणे नवी वाटणार नाहीत. पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि मनाली गावच दोन हजार मीटरवर वसले आहे. विरळ हवेची सवय शरीराला सह्याद्रीत लागू शकत नाही. तांगलांगवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून किंचित अधिक असतो, त्यामुळे दर श्वासाला मिळणारा प्राणवायूही तेवढाच.

तंदुरुस्त माणसाला उंचीचा त्रास होत नाही, हा समज तर धोकादायकच. भारतीय लष्करातील डॉ. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांचा १,९२५ जवानांच्या आजारपणावर आधारलेला अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ते सगळे लष्करी कसोटीला उतरलेले जवान होते. उलट दणकट सायकलपटू अधिक वेगाने उंची गाठतो आणि जोखीम वाढवतो.

नियम काय सांगतो आणि रस्ता काय करू देतो?

गिर्यारोहण वैद्यकातील सर्वमान्य शिफारस अशी, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्र कुठे काढता हे महत्त्वाचे.

आता रस्ता पाहू. केलाँग आणि जिस्पा ३,१०० ते ३,२०० मीटरच्या आसपास आहेत. त्यानंतरचा लोकप्रिय मुक्काम सरचू, सुमारे ४,२९० मीटरवर. जिस्पाहून बारालाचा ला ओलांडून एका दिवसात सरचू गाठायचे, म्हणजे झोपण्याची उंची एका रात्रीत सुमारे अकराशे मीटरने वाढली. शिफारशीच्या दुप्पट! अनेक तयार वेळापत्रकांत हा टप्पा ‘ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, अवघड’ एवढ्याच शब्दांत येतो. सरचूच्या तंबूंत रात्रभर डोके धरून बसणाऱ्यांची रांग लागते ती याचमुळे.

उपाय साधा आहे. जिस्पात दोन रात्री, मग पात्सिओच्या परिसरात साधारण ३,८०० मीटरवर एक, झिंगझिंगबारला साधारण ४,२७० मीटरवर एक आणि मग बारालाचा. किलोमीटरच्या हिशेबात हे दिवस हास्यास्पद वाटतात. पात्सिओपर्यंतचा टप्पा जेवणाच्या वेळेआधी संपू शकतो. तरीही थांबायचे. दुपार सायकलच्या साखळीला तेल घालण्यात आणि चहात घालवलेली चालेल.

खरा सापळा कुठे आहे?

बारालाचाच्या पलीकडे. उंचीचा त्रास वाढला तर एकच खात्रीचा उपचार आहे, खाली उतरणे. पण बारालाचा आणि तांगलांग यांच्यामधला दीडशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता ४,१०० मीटरच्या खाली उतरतच नाही. पांगमध्ये (सुमारे ४,६०० मीटर) कोणी आजारी पडला, तर मागे ५,००० मीटरहून उंच लाचुंग ला आणि पुढे तांगलांग. खाली जाण्यासाठी आधी वर जावे लागते! व्हिस्की नाला तर नकी ला आणि लाचुंग ला यांच्या बेचक्यातच आहे. सरचू ते पांग हा ७५-८० किलोमीटरचा टप्पा एका दिवसात झेपत नाही म्हणून तिथे मुक्काम करण्याचा मोह होतो. त्याऐवजी गाटा लूप्सच्या पायथ्याशी तंबू टाकून दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे चढाई सुरू करणे अधिक शहाणपणाचे.

म्हणूनच निर्णयाची जागा सरचू नव्हे, झिंगझिंगबार आहे. तिथे सकाळी डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे असे काही असेल, तर त्या दिवशी पुढे जाणे नाही. त्रास वाढत असेल तर सरळ जिस्पा.

सपोर्ट गाडी असेल तर काळजी मिटते का?

इथे एक विचित्र घोळ नेहमी होतो. एखाद्याला त्रास झाला की त्याला गाडीत बसवतात आणि गाडी पुढच्या मुक्कामी रवाना होते. पुढचा मुक्काम बहुधा आणखी वर असतो. सायकलवर निदान हळूहळू चढला असता, तो माणूस गाडीतून दोन तासांत तिथे पोहोचतो. गाडी मागे फिरवायची तयारी, सोबत खाली कोण उतरणार आणि उरलेल्यांनी त्या दिवशी गाडीविना काय करायचे, हे मनालीतच ठरलेले असायला हवे. नसेल तर ती गाडी फक्त सामान वाहणारी.

लक्षणे ओळखणेही सायकलवर अवघड जाते. मेंदूला सूज येऊ लागली की तोल जातो. पण चढावर सायकल डुलली तर सोबती म्हणतात, ‘दमलाय.’ फुप्फुसात पाणी होऊ लागले की थोड्या श्रमानेही धाप लागते. तीही दमणूकच वाटते. शंका आली की सायकलवरून उतरवून सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगावे. पाय चुकत असतील किंवा स्वस्थ बसूनही धाप थांबत नसेल, तर चर्चा नको.

डायमॉक्सचे काय? ॲसिटाझोलामाइड हे औषध शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस असतो. पण ते वेळापत्रकातील चूक भरून काढत नाही. गोळी सुरू करण्याआधी, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर, डॉक्टरांना विचारायलाच हवे. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य.

मग दिवस किती धरायचे?

मढी, सिस्सू, जिस्पा (दोन रात्री), पात्सिओ, झिंगझिंगबार, सरचू, गाटा लूप्सचा पायथा, पांग, मोरे मैदान, रुमत्से आणि लेह. असे रस्त्यावरचे बारा दिवस होतात. त्याआधी मनालीत दोन आणि कुठेही वापरता येतील असे राखीव दोन. एकूण सोळा. पुण्याहून जाणे-येणे धरले तर तीन आठवड्यांची रजा लागते, आणि नेमकी तीच कोणाला मिळत नाही. दहा दिवसांच्या योजना खपतात त्या याचमुळे.

अटल बोगद्याने २०२० पासून गाड्यांचा रोहतांग वाचवला. पण सायकलस्वाराला त्या ३,९७८ मीटरच्या खिंडीचा फायदाच आहे. वर जाऊन पुन्हा ३,१०० मीटरवर झोपायला उतरणे, याहून चांगली सुरुवात नाही. उलट, विमानाने थेट लेहला उतरून मनालीकडे निघण्यात वेळ वाचल्याचा भास होतो. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे; तिथले विश्रांतीचे दोन-तीन दिवस टाळता येत नाहीत आणि नंतर रुमत्से चार हजारांच्या वर.

बाकी गोष्टी थोडक्यात. हिमवितळीचे नाले दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळी ओलांडावेत. इतर राज्यांतील प्रीपेड सिमवर लडाखमध्ये विसंबू नये. मागचे सर्वात मोठे चाक जितके मोठे लावता येईल तितके लावावे, दिमाख नंतर. खारदुंग ला जोडायची असेल तर फलकावर वर्षानुवर्षे मिरवलेल्या १८,३८० फुटांवर जाऊ नये. जीपीएस मोजणीत ती १७,५८२ फूट भरते.

आणि परतीचे विमान? शक्य असेल तर तारीख बदलता येणारे तिकीट घ्यावे, भले दोन हजार रुपये जास्त जावोत. झिंगझिंगबारला डोके धरून बसलेल्या माणसाला ‘आज थांबू’ म्हणणे सोपे जाते, ते पुढे राखीव दिवस असतात तेव्हाच. रविवारी लेहहून विमान आणि सोमवारी सकाळी ऑफिस असेल, तर गटातला प्रत्येक जण ‘मला काही होत नाहीये’ असेच सांगतो.